खेळ हा व्यवसाय होऊ शकतो काय?

प्रतिवर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास पालकमंडळी शाळेत येतात, तेव्हा एक प्रश्न आम्हांस हमखास ऐकावा लागतो : "गुरुजी, पोरगा सारा दिवस मैदानातच असते. खेळून पोट भरते का जी?" विचारणारा गृहस्थ पुष्कळदा धानाच्या बांधीतून थेट आलेला असतो, त्याच्या पायांस चिखल लागलेला असतो. त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि या प्रश्नाला आम्ही शिक्षक आजवर जे ठराविक उत्तर देत आलो, ते पुरे नाही असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचा विचार या पानांतून करण्याचे योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही मुद्दाम असा एक खेळ घेतो की, जो आमच्या लाखनीच्या पंचक्रोशीत कोणी खेळत नाही. तो म्हणजे गोल्फ. ज्या मुलांनी विटीदांडू खेळला आहे त्यांस त्याचे मर्म चटकन कळेल. जमिनीवर ठेवलेला लहानसा चेंडू दांड्याने टोलवीत न्यावयाचा आणि दूरवरच्या एका खळग्यात पाडावयाचा. असे 18 खळगे असतात. जो कमीत कमी फटक्यांत सर्व खळगे पुरे करील तो जिंकला. विटीदांडूत प्रतिपक्ष विटी झेलावयास उभा असतो. येथे कोणी आडवा येत नाही. वारा, गवत, वाळू आणि आपले स्वतःचे चंचल मन, हेच काय ते प्रतिपक्षी.

हा खेळ उपजीविकेसाठी पत्करलेला एक मराठी तरुण म्हणजे पुण्याचा उदयन माने. त्याचा जन्म 1991 सालचा. हौशी खेळाडू म्हणून नाव मिळविल्यावर तो व्यावसायिक झाला आणि देशांतील व्यावसायिक स्पर्धांत त्याने अनेक विजय मिळविले. टोकियोचे ऑलिंपिक महामारीमुळे एक वर्ष लांबून 2021 साली भरले. पुरुषांच्या गोल्फमध्ये जगातील अवघे 60 खेळाडू घ्यावयाचे होते आणि माने त्या यादीच्या उंबरठ्याबाहेर उभा होता. जुलै महिन्यात अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो याने माघार घेतली आणि ती जागा मान्यांस मिळाली. पहिल्या दिवशी 71 फटक्यांच्या मैदानावर त्यास 76 फटके लागले आणि त्याचे नाव यादीच्या तळाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्याने 69 फटक्यांत खेळ पुरा केला. अखेरीस त्याचा क्रमांक 56 वा लागला. पुण्यातच जन्मलेला दुसरा भारतीय खेळाडू अनिर्बन लाहिरी याचा 42 वा लागला.

56 वा क्रमांक ऐकून कोणी विद्यार्थी हसेल. त्यास आमचे सांगणे असे की, दोन गोष्टी पाहाव्या. एक, जागा रिकामी झाली तेव्हा हा मनुष्य तयार होता. आपणांस बोलावणे येईल की नाही हे ठाऊक नसताना त्याने सराव चालू ठेविला होता. दोन, साऱ्या जगासमक्ष एक दिवस वाईट गेल्यावर तो दुसऱ्या सकाळी त्याच जागी उभा राहिला आणि पूर्वदिवसाहून 7 फटके कमी खेळला. चाचणी परीक्षेत गणितात नापास होताच वही मिटून टाकणाऱ्यांनी या सात फटक्यांचा हिशेब जरूर करावा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. व्यावसायिक गोल्फपटूस पगार नसतो. स्पर्धा बहुधा चार दिवसांची असते. दोन दिवसांचा खेळ झाला की मागे पडलेल्यांस वगळतात आणि पुढे गेलेल्यांतच बक्षिसाची रक्कम वाटली जाते. प्रवास, मुक्काम, दांड्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी, हे सारे खेळाडूच्या पदरचे. म्हणजे एखाद्या आठवड्यात मनुष्य गाठचे पैसे खर्चून रिकाम्या हाताने घरी परततो. पाऊस दगा देतो तेव्हा शेतकऱ्याचे जे होते तेच हे होय. तेव्हा पालकांची चिंता खोटी नाही, आणि चार प्रसिद्ध नावे सांगून ती उडवून लावणारा शिक्षक आपले कर्तव्य चुकतो. ऑलिंपिकच्या यादीत 60 नावे होती. तीत ज्यांस जागा मिळाली नाही त्यांची गणती कोणी ठेविली नाही.

परंतु या व्यवसायाची दुसरीही एक बाजू आहे, आणि तीसाठीच आम्ही हे उदाहरण निवडले. स्पर्धेत प्रत्येकाच्या फटक्यांची नोंद त्याचा सहखेळाडू ठेवितो. पण अखेर तो कागद तपासून त्यावर सही करण्याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची असते. 1968 साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्झो याने शेवटच्या दिवशी 65 फटक्यांत खेळ संपविला. नोंद करणाऱ्याने सतराव्या खळग्यास 3 च्या जागी चुकून 4 लिहिले आणि दे विसेन्झो याने न पाहता सही केली. सहस्रावधी लोकांनी खरे फटके डोळ्यांनी पाहिले होते. तरी नियमाप्रमाणे लिहिलेले 66 च कायम राहिले, बरोबरी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बी यास गेले. ज्या धंद्यात मनुष्याच्या सहीला इतकी किंमत आहे, तो धंदा हलका कसा म्हणावा? उत्तरपत्रिका न वाचता देऊन टाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा खेळ. गरिबाच्या मुलास त्याचे काय? मैदाने श्रीमंतांची आहेत हे खरे. परंतु त्या मैदानांचे गवत कापणारे श्रीमंत नव्हते. कलकत्त्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखणाऱ्या एका नोकराचा मुलगा, शिवशंकर प्रसाद चौरसिया, तेथेच मोठ्यांचा खेळ पाहून पाहून शिकला. 2008 साली दिल्लीस झालेली इंडियन मास्टर्स ही मोठी स्पर्धा त्याने जिंकली; पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकले; आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकात तो भारतातर्फे खेळला. गोल्फच्या इतिहासात अशी माणसे देशोदेशी आढळतात. मैदानावर मजुरीस गेलेल्या मुलाने तेथील विद्या डोळ्यांनी टिपून घ्यावी, हा या खेळाचा जणू दुसरा शाळामार्गच होय.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती बव्हंशी आपल्या दृष्टीत आहे. खेळून पैसे मिळविणारा तो हलका, आणि हौसेखातर खेळणारा तो थोर, अशी समजूत एके काळी सर्वत्र होती. 1920 साली इंग्लंडात डील येथे ब्रिटिश ओपन भरली, तेव्हा व्यावसायिक खेळाडूंस क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. अमेरिकेचा नामांकित खेळाडू वॉल्टर हेगन याने भाड्याची मोटार इमारतीसमोर उभी केली आणि तीतच कपडे बदलले. दूर कशास जावे? आपल्या पुण्यातच चर्मकार समाजातील पाळवणकर बाळू हे क्रिकेटच्या मैदानावर दरमहा 4 रुपयांची चाकरी करीत आणि साहेबांच्या सरावासाठी तासन् तास चेंडू टाकीत. त्या सरावातून त्यांचा हात असा तयार झाला की, हिंदूंच्या संघास त्यांच्यावाचून चालेना. मैदानात त्यांचा चेंडू सर्वांनी हाती घेतला. पण चहा मात्र त्यांस बाहेर, मातीच्या भांड्यात देण्यात आला. 1911 साली भारतीय संघाबरोबर ते विलायतेस गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. पुढे 1923 साली त्यांचेच धाकटे बंधू विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले. भांडे बाहेर ठेवणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत?

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. कबड्डीत त्याच्यासारखी चढाई करणारा साऱ्या तालुक्यात नसेल. सहामाही परीक्षेत तो मागे पडला, तेव्हा आम्ही सर्वांसमक्ष त्यास म्हणालो की, मैदान सोड, नाही तर शाळा सोड. त्याने दोन्ही सोडली. ज्या मुलास रोज पहाटे उठून घाम गाळण्याची सवय होती, त्याच्या त्या सवयीचा उपयोग अभ्यासाकडे करून घेण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही. तो आज महामार्गावरील एका ढाब्यावर काम करतो. भेटला म्हणजे आदराने नमस्कार करतो, आणि आम्हांस मान वर करवत नाही. त्याचे काम हलके म्हणून नव्हे. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. त्यास निवड करण्याची संधी आम्ही ठेविली नाही, म्हणून.

तेव्हा पालकांस आमचे निवेदन असे आहे. "खेळून पोट भरते का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "क्वचित् भरते" हेच आहे. म्हणून मुलाची दहावी-बारावी, हिशेब, भाषा आणि एखादे हातचे कौशल्य यांचा आधार सुटू देऊ नये. परंतु त्या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : माझा मुलगा अथवा मुलगी मैदानावर नुसता वेळ घालविते, की काही काम करते? जो वेळेवर जातो, हरल्यावर पुन्हा जातो, आणि पंचाने न पाहिलेली आपली चूक आपण होऊन सांगतो, तो खेळत असला तरी शिकतच आहे. त्यास रोज एक तास मैदान द्यावे आणि रात्री एक तास कंदिलापाशी म्हणा, दिव्यापाशी म्हणा, त्याच्याजवळ बसावे. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच अगत्याने करावे. याच टोकियोत बंगळुरूच्या अदिती अशोक हिचा चौथा क्रमांक लागला आणि पदक केवळ एका फटक्याने हुकले, हे आईबापांनी विसरू नये.

आणि प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी एखादाच खेळावर उपजीविका करील. कदाचित् एकही करणार नाही. परंतु बोलावणे केव्हा येईल हे उदयन मान्यांस ठाऊक नव्हते, तसे ते तुम्हांसही ठाऊक नाही. ते येईल तेव्हा तयार असावे, आणि ज्या कागदावर सही करावयाची तो एकदा नीट वाचून पाहावा. इतके ज्याने मैदानावर शिकून घेतले, त्यास धानाच्या बांधीत, दुकानात, कचेरीत, कोठेही उभे केले तरी आम्हांस त्याची काळजी वाटणार नाही.