दोनाचा घन तेवीस?

मुरुड म्हटलं की पुण्याचे मित्र लगेच समुद्र, जंजिरा, सुरमई वगैरे सुरू करतात. बाबांनो, ते मुरुड वेगळं. आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्र सोडा, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडे लाट एकच, नीट आणि सीईटीच्या तयारीची.

माझी चुलत बहीण सध्या त्या लाटेत आहे. शनिवार-रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे प्रश्न येतात, "दादा, उत्तरच जुळंना." बघायला गेलं तर निम्म्या वेळा फिजिक्सची काही चूक नसते. चूक असते ती समीकरण पडद्यावर मोडून पडल्याची.

एक नमुना बघा. वस्तूचं स्थान दिलंय : क्ष = ४ट२. त्वरण काढा. आता तो शेवटचा दोन म्हणजे वर्ग की नुसता गुणिले दोन? वर्ग असेल तर त्वरण ८. नुसता दोन असेल तर त्वरण शून्य. आणि पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं हजर! पोरगी हुशार असून उपयोग काय, प्रश्नच दोन आहेत. याच न्यायाने २ चा घन २३ होतो आणि १० चा उणे ३४ वा घात "१०-३४" होतो, म्हणजे सरळ हिशेबाने उणे चोवीस :)

हे होतं का? चार कारणं मला वारंवार दिसतात.

पहिलं, कॉपी-पेस्ट. वर्डमध्ये घातांक बहुतेक वेळा साधा आकडाच असतो, फक्त बारीक करून वर उचललेला. साध्या मजकुरात चिकटवला की उचललेपण गळून पडतं. युनिकोडमध्ये वर बसणारे इंग्रजी अंक आहेत. देवनागरी अंकांचीही तशी सोय आहे, पण ती सामवेदाच्या स्वरांसाठी. घातांकासाठी नाही!

दुसरं, जुन्या फाइली. वर्डचा जुना 'इक्वेशन एडिटर ३.०' सुरक्षेतल्या भोकांमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यात लिहिलेली समीकरणं आता त्याच्या मदतीने दुरुस्त करता येत नाहीत, आणि 'एमटी एक्स्ट्रा' हा फॉन्ट मशीनवर नसेल तर काही वेळा दिसतही नाहीत.

तिसरं खास आपलं, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट. यात इंग्रजी चिन्हांच्या जागीच देवनागरी अक्षरं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये 'पेक्षा लहान'च्या चिन्हाचा ढ होतो, 'पेक्षा मोठं'चा झ आणि बरोबरच्या चिन्हाचा त्र. मराठी वाक्यात मधेच समीकरण आलं आणि तिथे फॉन्ट बदलायचा राहिला, की असमानतेचा ढ झालाच म्हणून समजा.

चौथं, वेबपानावर समीकरणाऐवजी डॉलरची चिन्हं आणि तिरक्या रेघा दिसणं. म्हणजे समीकरण मांडणारी स्क्रिप्ट पोचलीच नाही. पान एचटीटीपीएसवर आणि स्क्रिप्ट साध्या एचटीटीपीवरून मागवलेली, मग ब्राउझर तिला दारातच अडवतो. किंवा स्क्रिप्टचा पत्ता जुना. मॅथजॅक्सने आपला सार्वजनिक सर्व्हर एप्रिल २०१७ मध्ये बंद केला, तेव्हा पत्ते बदला असं सगळ्यांना सांगावं लागलं होतं.

बरं, हे फक्त आपलंच रडगाणं नाही. वेबवर गणित लिहिण्यासाठी मॅथएमएल हे मानक १९९८ साली ठरलं. क्रोममध्ये ते २०१३ मध्ये आलं, लगेच काढलं गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये परत आलं. पंचवीस वर्षं गणित ब्राउझरच्या ओसरीवर बसून होतं.

पण उपाय त्याच्याही आधीचा आहे. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या हातात स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि त्यातली छपाई बघून ते वैतागले. माणूस नुसता वैतागून थांबला नाही, 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला बसला. त्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभं केलं. त्यातलं मर्म मला फार आवडतं. तिथे तुम्ही आकडा वर उचलत नाही, 'हा घात आहे' असं सांगता. रेघ ओढत नाही, 'हा अंश, हा छेद' असं सांगता. दिसणं नंतर, अर्थ आधी.

माझं म्हणणं एवढंच आहे. समीकरण हे चित्र नाही, मजकूर आहे. तो मजकुरासारखाच लिहिला पाहिजे.

यावर सर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "फळ्याचा फोटो काढून पाठवला की झालं, कशाला एवढी डोकेफोड?" एका शंकेपुरता फोटो ठीकच आहे, मी पण पाठवतो. पण वर्षानुवर्षं चालणारा प्रश्नसंच फोटोंचा असेल तर? त्यात शोधता येत नाही. एक चिन्ह चुकलं तर दुरुस्त करता येत नाही. फॉरवर्ड होत होत तो इतका धुरकट होतो की अधिक आणि भागिले एकसारखे दिसतात. आणि ज्या मुलाला दिसत नाही, जो स्क्रीन रीडरवर ऐकून शिकतो, त्याच्यासाठी तो फोटो मुका.

नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. दार उघडलंय. पण तयारीचं साहित्यच मोडक्या समीकरणांचं असेल तर मराठीतून परीक्षा देणाऱ्याने अभ्यास करायचा कशावर? इंग्रजी साहित्य नीट टाइप केलेलं मिळतं म्हणून पोरं तिकडे वळली, तर दोष भाषेचा नाही, टाइप करणाऱ्याचा.

शिवाय लेटेक शिकलंच पाहिजे असंही नाही. वर्डमध्ये नवा समीकरण एडिटर आहे, गूगल डॉक्समध्येही आहे. मराठी युनिकोडमध्ये, समीकरण एडिटरमध्ये, पाठवायचं पीडीएफ करून. आणि साध्या मेसेजमध्ये लिहायचंच असेल तर घाताची टोपी आणि कंस वापरा : १०^(-३४). दिसायला ओबडधोबड, पण अर्थ शाबूत.

प्रश्नसंचाचे पैसे घेणाऱ्यांनी तरी पाठवण्याआधी तो एकदा स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून बघावा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेस्टिंग म्हणतो. ते न करता माल बाहेर गेला तर आमच्याकडे रात्री दोनला फोन येतो. इथे फोन कुणालाच येत नाही, पोरीचे चार मार्क जातात आणि वर एक कापला जातो.