आंदणाचं कपाट आणि चीनचा आरसा

पूर्वपक्ष आधी त्याच्याच तोंडून ऐकावा. फेंगशुईचे सल्लागार सांगतात, पलंगासमोर आरसा नको. झोप उडते, नवराबायकोत तिसरं माणूस शिरतं. दारासमोर नको, घरात येणारी ‘ची’ नावाची ऊर्जा उंबऱ्यावरूनच मागे फिरते. जेवणाच्या टेबलाशेजारी मात्र हवाच. ताटं दुप्पट दिसली की बरकतही दुप्पट. नांदेड-लातूरकडे हे सगळं वास्तुशास्त्रात कालवून मिळतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते आपलंच जुनं काहीतरी वाटतं. शंका काढली तर दोन उत्तरं तयार असतात. एक, हे हजारो वर्षांचं शास्त्र आहे. दोन, एक आरसा हलवायला तुमचं जातं काय?

पहिलं उत्तर आधी घेऊ. घराची आणि थडग्याची जागा निवडण्याची चिनी विद्या जुनी आहे, यात वाद नाही. पाठीशी डोंगर, समोर पाणी, घराचं तोंड दक्षिणेला, या नियमांत तिकडच्या हवामानाचं शहाणपणही आहे. उत्तरेकडून बोचरा वारा येतो आणि हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून. (आपल्याकडे सूर्य मे महिन्यात आणि पुन्हा जुलैअखेर थेट डोक्यावर येतो, हा हिशेब त्या नियमांत कुठून असणार?) पण भिंतभर आरशाचं काय? चीनमध्ये शतकानुशतकं आरसा म्हणजे काशाचा, घासून चकचकीत केलेला, बहुधा हातात मावेल एवढा. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यानं १८३५ मध्ये काढली. मोठी सपाट काच सामान्य घराच्या आवाक्यात येऊ लागली ती इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये फ्लोट काचेची पद्धत जाहीर केल्यानंतर. खोल्याखोल्यांत आरसे लावून दोष ‘दुरुस्त’ करण्याचं वेड फोफावलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, मुख्यतः फेंगशुईचे गुरू लिन युन यांच्या पंथामुळे. भिंतभर आरशाचा नियम त्या आरशाहून जुना कसा असेल?

शिवाय वास्तुशास्त्राशी हे नीट मिसळतही नाही. वास्तुशास्त्रात आग्नेय कोपरा अग्नीचा, म्हणजे चुलीचा. फेंगशुईच्या प्रचलित नकाशात तोच कोपरा धनाचा. तिथे छोटं कारंजं ठेवा म्हणतात. चुलीच्या जागी कारंजं! आणि सल्ला कुठे, तर लातुरात, जिथे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

दोन्ही शास्त्रांचं एका बाबतीत मात्र एकमत आहे. सरळ रस्ता घरावर चालून येत असेल तर ती जागा घातकी. फेंगशुईवाले अशा दारावर अष्टकोनी बाग्वा आरसा टांगून रस्त्याचा बाण परतवतात. आता लातूरच्या गंजगोलाईत जाऊन उभं राहा. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली ही गोल बाजारपेठ. मधली दुमजली इमारत १९१७ ची. एक नाही, दोन नाही, १६ रस्ते तिच्यावर येऊन आदळतात. या शास्त्रांप्रमाणे तिथे एव्हाना गवत उगवायला हवं होतं. प्रत्यक्षात सोन्यापासून गुळापर्यंत सगळा व्यापार शंभर वर्षं त्या रस्त्यांवर पोसला गेला. रस्ते येतात म्हणून गिऱ्हाईक येतं, हे तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

राहिलं दुसरं उत्तर: जातं काय? जातं ते बहुतेक वेळा सुनेचं. लग्नात मुलीला आंदण म्हणून दारात आरसा बसवलेलं लोखंडी कपाट देण्याची रीत आपल्याकडे अजून मोडलेली नाही. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला पलंग. कपाट चौथ्या भिंतीलाच, म्हणजे पलंगासमोरच येणार. सल्लागार येतो, बोट दाखवतो आणि घराला सापडत नसलेलं कारण एकदाचं सापडतं. दुकानाची मंदी असो, सासऱ्यांची साखर असो की धाकट्या दिराचे ‘नीट’मधले गुण, सगळ्याचा उगम तिच्या माहेरच्या कपाटात. आरशावर जुनी साडी टाकली जाते. ती साडी तिला रोज काय सांगत असेल? सासऱ्यांची तपासणी लांबते, दिराचा कच्चा विषय कच्चाच राहतो. हा निरुपद्रवी खेळ नव्हे.

कायद्याकडे पाहू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषांचं भविष्य आणि पाणाड्यानं दाखवलेलं पाणी यांना वगळूनच ठेवलंय. माझी त्याला फारशी हरकतही नाही. प्रत्येक खुळासाठी पोलीस कुठवर बोलावणार?

आता मंडन. अंधुक उजेडात स्वतःचं प्रतिबिंब न्याहाळत राहिलं तर चेहरा विचित्र, परका दिसू लागतो, हे इटलीतले मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुटो यांनी २०१० मध्ये प्रयोगानं दाखवलं. तेव्हा रात्री दचकणाऱ्यानं आरशावर पडदा जरूर टाकावा. पण पडदा दचकण्यावर आहे, कर्जावर नाही.

आरसा उजेड निर्माण करत नाही, आलेला वळवतो. आपल्या माळवदाच्या घरांना हे ठाऊक होतं: छताला साणं ठेवून उजेड वरून घ्यायचा आणि पांढऱ्या भिंतींनी तो घरभर फिरवायचा. पांढरी भिंत उजेड पसरवते, आरसा तो एकाच दिशेला फेकतो. म्हणून अंधाऱ्या खोलीला आधी चुना द्या, मग खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर आरसा लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावाल तर नांदेडच्या मे महिन्यात संध्याकाळचं ऊन खोलीत दोनदा घ्याल. अख्खं अंग दिसायला उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. पाच फुटांच्या बाईला अडीच फुटांचा, खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांच्या आसपास.

पलंगाच्या उशाशी जड आरसा नको, हे मात्र मीही सांगेन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात किल्लारी-सास्तूरकडची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. दार पूर्वेला होतं की दक्षिणेला, यानं काहीच फरक पडला नाही. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोलीकडच्या धक्क्यांनी नांदेडही हललं. म्हणून आरसा लावताना गिलाव्यात खिळा ठोकून भागवू नका. विटेत खोलवर प्लग बसवून स्क्रू आवळा. आंदणाचं कपाटही वरच्या बाजूनं भिंतीला पट्टीनं बांधून घ्या आणि त्याच्यावरची साडी काढा.