चौकट आणि माणूस

छायाचित्रणाचा पहिला धडा बहुधा तृतीयांशाच्या नियमाचा असतो : चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करावेत आणि मुख्य विषय मध्यावर न ठेवता त्या रेषांवर ठेवावा. १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ यांनी निसर्गचित्रांची चर्चा करताना हे नाव वापरले, तेव्हा कॅमेरा जन्मलाही नव्हता. नवशिक्याच्या नजरेला या नियमाने शिस्त लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वेरूळच्या दहाव्या लेण्यात उभे राहून पाहावे. तेथील खांबांच्या रांगा आणि छताच्या कमानी साऱ्या स्तूपापुढील बुद्धमूर्तीकडेच नजर नेतात. तिला मध्यावरून हलविणारे छायाचित्र त्या शिल्पींचा विचारच पुसून टाकते. नियम विषयापेक्षा मोठा झाला, की असे होते. शिवाय चौकटीत कोणाला घ्यावे, हे तर कोणताच नियम सांगत नाही. पद्मश्री सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळविला. ती निवड त्यांची स्वतःची होती. आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आज मोबाइल आहे. त्यांनी नियम अवश्य शिकावेत. मात्र चौकट आखण्यापूर्वी समोरच्या माणसाकडे नीट पाहावे.