लाइट बिल कोणाच्या नावावर? नवागामच्या भाडेकरूंचा सवाल

सुरतेत मराठी माणसाला भाड्याने घर मिळत नाही, असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. मिळतं ना! नवागाम-डिंडोलीत तर गल्लोगल्ली मिळतं. आणि घरमालक बहुतेक वेळा आपलाच असतो. धुळ्याचा, नंदुरबारचा, अमळनेरकडचा. 'आपलाच माणूस शे' म्हणत चहा पाजतो, डिपॉझिट मोजून घेतो, चावी हातात ठेवतो. मग आपण म्हणतो, भाऊ, भाडा करार करून द्या, लाइटचं मीटर माझ्या नावावर करू द्या. तिथे आपलेपणा संपतो.

मी या भागात भाड्याने राहतो, म्हणून हे लिहितोय. खोलीला सबमीटर आहे, युनिटला १० रुपये. पावती मागितली तर उत्तर मिळालं, 'पटत नसेल तर दुसरी खोली बघा.' मालकाचं नाव मी लिहिणार नाही. एका माणसाची गोष्ट असती तर लिहायची गरजच नव्हती.

आधी उत्पन्नाचं बघू. जरा बरा फ्लॅट बघायला गेलात की दलाल विचारतो: नोकरी कुठे, पगार किती, स्लिप आहे का, सुरतचा कोणी जामीन आहे का? आता लूमच्या खात्यात काम करणाऱ्याला मीटरवर, तेही रोखीने पैसे मिळतात. साडीला लेस-टिकली लावणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना नगावर मिळतात. मार्केटमध्ये पार्सल उचलणाऱ्याचं रोजचं रोज. यांनी स्लिप आणायची कुठून? पगाराची पावती देणं हे काम देणाऱ्याचं कर्तव्य आहे, २०१९ च्या वेतन संहितेत तसं लिहिलेलं आहे. तो देत नाही, आणि त्याची शिक्षा कामगाराला. कमाई असूनही ती कागदावर नाही, म्हणून तो फ्लॅट सोडून पुन्हा सबमीटरच्या खोलीत येतो.

आता लाइटचं गणित नीट समजून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. कमी वापरणाऱ्याला कमी दर, जास्त वापरणाऱ्याला जास्त. गरिबाला दिलासा मिळावा म्हणूनच हे टप्पे. पण एका मीटरवर पाच खोल्या असल्या आणि प्रत्येकीने ६० युनिट वापरले, तर मीटरवर ३०० युनिट पडतात. म्हणजे एक पंखा, एक ट्यूब, एक टीव्ही असलेल्या माणसावर एसीवाल्या बंगल्याचा टप्पा येतो. त्यावर मालकाचा नफा वेगळा. परवान्याशिवाय विजेचा धंदा करता येत नाही, असं वीज कायदा सांगतो. आलेलं बिल वाटून घेणं समजू शकतो. पण भाडेकरूच्या पंख्यावर कमाई करणं हा कुठला आपलेपणा?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे किती जणांना माहीत आहे? २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ म्हणतं की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर कंपनीने वीज द्यायची. 'किंवा राहणाऱ्याने' हे शब्द लक्षात ठेवा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच बघायचं. हा खटला महाराष्ट्रातून गेलेला, पण निकाल अख्ख्या देशाला लागू. तरी खिडकीवर गेलं की पहिला प्रश्न तोच: वेरा बिल कोणाच्या नावावर आहे? मालकाची सही आणा.

कोणी म्हणेल, दोन-पाचशे रुपयांसाठी एवढा आरडाओरडा कशाला? अहो, लाइट बिल म्हणजे नुसतं लाइट बिल नसतं. तो पत्त्याचा पुरावा असतो. पत्ता बदलायचा, मतदार यादीत नाव घालायचं, बँकेत खातं उघडायचं, सगळीकडे तो कागद पुढे करावा लागतो. पोराला आरटीईमधून प्रवेश हवा तर नोंदणी केलेला भाडेकरार मागतात, नोटरीचा चालत नाही. आणि आपल्याकडे करार झालाच तर ११ महिन्यांचा, कारण वर्षाच्या वर गेला की नोंदणी करावी लागते. बापाने वीस वर्षं सुरतेत कापड विणलं, तरी पोरगं कागदावर इथलं होत नाही.

गंमत बघा. पोलिसांचा जाहीरनामा असतो की भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या. तिथे माझा फोटो, आधार, गावचा पत्ता, सगळं जातं. संशय घ्यायचा तेव्हा मी भाडेकरू. वीज द्यायची वेळ आली की मी कोणीच नाही!

घरमालकांचीही एक भीती आहे, ती मी नाकारत नाही. जुन्या भाडे कायद्यात माणूस घर बळकावून बसेल असं त्यांना वाटतं. १९४७ चा तो कायदा मुंबई राज्याचा. १९६० ला राज्यं वेगळी झाली, महाराष्ट्राने १९९९ मध्ये नवा कायदा केला, गुजरातेत जुनाच चालू राहिला. पण भाऊ, लाइट बिलाने घराची मालकी जात नाही. उलट नोंदणी केलेला करार तुमच्याही कामाचा. मुदत, भाडं, डिपॉझिट, सगळं लिहिलेलं राहतं. तोंडी व्यवहारात तुम्हीही उघडेच पडता.

सरकारचं काय? २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली. सुरतेत तिच्यात जुन्या योजनेतली ३९३ रिकामी घरं घेतली. २०११ च्या जनगणनेतच या शहरात ४४ लाखांवर माणसं होती. हिशेब तुम्हीच करा.

दुसरीकडे २०२१ च्या उज्ज्वला २.० मध्ये स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वघोषणा चालते. गॅसला चालते, मग विजेला का नाही?

आपले खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, २०२४ पासून केंद्रात मंत्री आहेत. गणपती मंडळाच्या वर्गणीला, शिवजयंतीच्या मिरवणुकीला आपले पुढारी हजर असतात. आता या कामालाही हजर राहावं. आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. राहण्याचा पुरावा दिला की भाडेकरूच्या नावे स्वतंत्र मीटर. मालकाच्या सहीची अट नको.
२. सबमीटर असेल तिथे मूळ बिल दाखवणं बंधनकारक. बिलापेक्षा एक रुपया जास्त नाही.
३. भाडेकरार नोंदणीची शिबिरं नवागाम, डिंडोली, लिंबायतमध्ये, रविवारी. कामगाराचा दिवस बुडवून नाही.
४. खातेमालक आणि व्यापाऱ्यांकडून दर महिन्याला पगाराची पावती.

आणि आपल्या मंडळांना, समाजाच्या संघटनांना एक विनंती. पुढच्या बैठकीत घरमालक आणि भाडेकरू दोघांना समोरासमोर बसवा. मराठीच्या सन्मानावर भाषण करण्याआधी सभागृहात एवढंच विचारा: तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या भाडेकरूला भाड्याची पावती दिली आहे? हात वर करा.