टाकीतला ठिपका आधी ओळखा, मगच औषधाची बाटली उघडा

मंडळी, घरात फिश टँक असेल तर ही वेळ तुमच्यावर कधी ना कधी येतेच. सकाळी माशांना खाणं घालायला जाता आणि काचेवर, पाण्यात किंवा थेट माशाच्या अंगावर बारीक बारीक ठिपके दिसतात. काल तर नव्हते! मुलं विचारतात, "मासा आजारी पडला का?" घरातलं कुणीतरी म्हणतं, "सगळं पाणी फेका आणि टाकी घासून काढा." आणि संध्याकाळी दुकानातून औषधाची एक बाटली घरी येते.

जरा थांबा. यातले बरेचसे ठिपके निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर विनाकारण औषध ओतलं, तर ठिपक्यांनी नाही पण औषधाने मासे दगावू शकतात. मात्र एक ठिपका असाही आहे, ज्याकडे दुर्लक्ष केलं तर थोड्याच दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. हा फरक ओळखायला एक टॉर्च, एक पांढरी वाटी आणि पाच मिनिटांचा वेळ पुरतो.

आधी तीन प्रश्न विचारा

ठिपका कुठे आहे: माशावर, काचेवर की पाण्यात? तो हलतो का? आणि हलत असेल तर कसा: उड्या मारत, सरपटत की नुसता पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत?

रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च काचेला लावा, बाजूने बघा. दिवसा न दिसणारं बरंच काही दिसेल. मग थोडं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून व्हिडिओ काढा. हालचाल फोटोपेक्षा व्हिडिओत चांगली कळते.

माशावर मिठाचे कण

माशाच्या अंगावर, पंखांवर आणि शेपटीवर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसत असतील, मासा खडीवर किंवा झाडांवर अंग घासत असेल, पंख मिटून बसत असेल, तर तो बहुधा 'इक' म्हणजेच व्हाइट स्पॉट हा आजार आहे. हा एक परजीवी आहे. दिसणारा प्रत्येक कण साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो.

त्याची चलाखी समजून घ्या. माशावर असताना तो कातडीच्या आत दडलेला असतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होतात. ही पिल्लं नवा मासा शोधत पोहतात आणि औषध लागू पडतं ते याच टप्प्यावर. २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात हे सगळं चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, थंड पाण्यात बरंच लांबतं. म्हणूनच "ठिपके गेले, मासा बरा झाला" असं समजून औषध मध्येच थांबवू नका. ठिपके गेले म्हणजे ते तळाशी गेले असू शकतात.

नवीन मासा आणल्यावर किंवा थंडीत पाणी अचानक गार झाल्यावर हा आजार हमखास डोकं वर काढतो. दिल्ली, इंदूर, नागपूरकडच्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत हीटर आणि थर्मामीटर दोन्ही तपासून घ्यावेत. गप्पी, मॉली यांसारख्या उष्ण पाण्यातल्या माशांसाठी तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेतात. त्याने परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि औषधाला तो लवकर सापडतो. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप सुरूच ठेवा. गोल्डफिश थंड पाण्यात रमणारा मासा आहे, त्याच्या टाकीत हा प्रयोग करू नका.

आणि गोल्डफिशची एक गंमत. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांच्या कडेला विणीच्या काळात पांढरे ठिपके ओळीने उमटतात. मासा खाऊन-पिऊन मजेत असेल आणि ठिपके फक्त याच जागी असतील, तर तो आजार नाही. तो वयात आलेला नर आहे!

पाण्यात उड्या मारणारी खसखस

पाण्यात खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक पांढरट कण झटके देत पुढे जात असतील, तर तो सायक्लॉप्स असण्याची शक्यता जास्त. मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात. राजगिऱ्याच्या दाण्यासारखा गोल जीव खडीवर तुरुतुरु धावत असेल, तर तो ऑस्ट्राकॉड. दोघेही निरुपद्रवी, उलट लहान माशांसाठी फुकटचा खाऊ!

सायक्लॉप्सचं नाव घरातल्या आजी-आजोबांनी कदाचित वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. नारूचा रोग याच्यामार्फत पसरायचा. नारूची अळी पोटात असलेला सायक्लॉप्स विहिरीच्या पाण्यातून पोटात गेला की माणसाला नारू व्हायचा, म्हणून पाणी कापडातून गाळून प्यायला सांगत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्यामुळे तुमच्या टाकीतल्या सायक्लॉप्सपासून नारू होण्याची भीती बाळगू नका. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायची सवय मात्र मुलांना लावाच.

काचेवर काय काय?

पाणी बदलल्यावर काचेवर आणि माशांवर चंदेरी ठिपके दिसले, तर बोटाने हलकेच काच टिचकावा. ते सुटून वर गेले तर हवेचे बुडबुडे आहेत.

पाण्याच्या रेषेवरचे पांढरे खरखरीत डाग म्हणजे बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार. घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके म्हणजे शेवाळ, दिवा रोज किती तास चालू ठेवता ते बघा. साबुदाण्याच्या खिरीसारख्या पारदर्शक थेंबात बारीक दाणे दिसले तर ती गोगलगाईची अंडी. नको असतील तर जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा.

दोऱ्यासारखे पांढरे किडे पाण्यात वळवळत असतील तर खाणं जास्त होतंय, एवढाच त्याचा अर्थ. पण काचेवरून सरकत जाणारा चपटा, त्रिकोणी डोक्याचा जीव म्हणजे प्लॅनेरिया. माशांना सहसा धोका नाही, पण टाकीत छोट्या शोभेच्या कोळंब्या असतील तर त्यांना आणि अंड्यांना तो सोडत नाही.

औषध घालायचंच असेल तर

आधी पाणी मोजा. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ६० × ३० × ३० ची टाकी म्हणजे ५४ लिटर, खडी आणि दगड असतील तर त्याहून कमी. मात्रा अंदाजाने नको. फिल्टरमधला कोळसा औषधाच्या काळात काढून ठेवा, नाहीतर तोच औषध शोषून घेईल. तांबं असलेली औषधं गोगलगाई आणि कोळंब्यांना मारतात, म्हणून लेबल वाचा.

आणि कितीही घाण वाटली तरी सगळं पाणी एकदम बदलू नका, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजमध्ये राहतात आणि नळातलं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या. एका वेळी पाव टाकी पाणी बदललं तरी पुरे.

दुकानात जाऊन "टाकीत पांढरं काहीतरी झालंय" एवढंच सांगितलंत, तर दुकानदार बाटलीच हातात देणार. त्याऐवजी मोबाइलमधला व्हिडिओ दाखवा. ठिपका कुठे आहे, कसा हलतो, नवीन मासा कधी आणला, पाणी कधी बदललं आणि टाकी किती लिटरची, या पाच गोष्टी सांगा. आणि ही पाच उत्तरं लिहून काढायचं काम मुलांकडे द्या. रोज टाकीसमोर बसून माशांकडे सगळ्यात जास्त वेळ बघणारी तीच असतात.