एकच दोर, दोन्ही कामांना

जळगाव-धुळ्याकडच्या शौकिनांना हतनूर धरण ठाऊक आहे. तापी आणि पूर्णा तिथे एकत्र येतात. होडीतून गळ टाकायला दोन वेगळे दोर बाळगायची गरज नाही.

मुख्य तंगुसात छिद्राचं शिसं ओवा, मग मणी, आणि टोकाला कडीची फिरकी बांधा. कडीत दोन हात लांबीचं शेपूट अडकवा. होडी वाऱ्यावर सोडणार असाल तर शेपटाला गळ आणि गांडूळ. शिसं तळाला घासत जाईल. वल्हवत ओढणार असाल तर कडी उघडून चमकत्या चमच्याचं शेपूट लावा. चमचा गरगरला तरी फिरकीमुळे तंगुसाला पीळ पडत नाही. खोली ठरते सोडलेल्या दोरावर आणि होडीच्या वेगावर.

खरी गोष्ट पुढे आहे. मुख्य तंगूस 10 किलोचा असेल तर शेपूट 6 किलोचंच घ्या. बुडालेल्या बाभळीत अडकलं तर शेपूटच तुटेल, शिसं परत येईल. पाण्यात राहिलेला तंगूस कुजत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांचे पाय त्यात गुंततात. म्हणून तुकडे खिशात घालून घरी आणा.

निघण्याआधी मच्छीमार संस्थेची परवानगी विचारा, आणि मुलांना जाकीट घातल्याशिवाय होडीत बसवू नका.