विलंबाने उठणारी खाज

पावसाळ्यात चांदनीच्या बांधांवर व रस्त्यांच्या कडेला गाजरगवत माजते. त्याची इवलीशी पांढरी फुले निरुपद्रवी भासतात. परंतु त्यांनी कित्येक कष्टकऱ्यांची झोप हिरावून घेतली आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५० नंतरच्या दशकात पुण्यास नजरेस आली व देशभर पसरली. मागोमाग शेतकरी व मजूर यांच्या पापण्यांवर, मानेवर आणि कोपरांच्या खाचांत इसब उठू लागला.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मधमाशीने दंश केला की तत्काळ सूज येते. ही बाधा मात्र बहुधा एक-दोन दिवसांनी प्रकट होते. सोमवारी गवत उपटले, बुधवारी खाज सुटली. दोष मात्र मंगळवारच्या वांग्याच्या भाजीस!

हा विलंब का व्हावा? गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेत शिरले, की ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशी त्यास शत्रू मानून ध्यानात ठेवतात. अशी ओळख जुळण्यास कधी महिने, कधी वर्षेही लागतात. पुढे तेच द्रव्य पुन्हा लागले, म्हणजे त्या पेशी तेथे गोळा होऊन दाह उत्पन्न करतात. त्या जमण्यासच वेळ लागतो. ही संवेदनशीलता रक्तजलाने नव्हे, तर पेशींनी एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते, हे लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ साली गिनिपिगांवर दाखविले. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चाचणीची पट्टी चिकटवून ती ४८ तासांनी काढून पाहतात.

खाजेहून जिव्हारी लागते ती शेजाऱ्यांची कुजबुज. चेहऱ्याची कातडी जाड व काळपट झाली, की कुष्ठरोगाचा संशय घेतला जातो आणि रोग्याचा पेला निराळा ठेवला जातो. हा इसब स्पर्शाने कोणासही होत नाही. कुष्ठरोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो. तेव्हा तिरस्कारास जागा कोठेच नाही.

गवत फुलण्यापूर्वीच उपटावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, काम संपताच साबणाने अंग धुवावे. वाळलेल्या गवताची धूळही बाधते. म्हणून ज्यास एकदा बाधा झाली, त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. दुकानातून मनानेच मलम आणू नये. वैद्यांकडे जाताना मात्र आज काय खाल्ले एवढेच न सांगता, परवा हात कशास लागला होता, हेही आठवून सांगावे, अशी आमची विनंती आहे.